लिनक्सवर पेनड्राइव्ह हाताने माउंट करण्याची तयारी

माउंट करणं म्हणजे ड्राइव्ह एका फोल्डरला जोडणं, मग त्यातल्या फाइली तिथे दिसतात. सर्वात आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी आज्ञा) चालतो का ते पाहा. मग ड्राइव्ह खोचण्यापूर्वीच एका टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ लावून ठेवा, कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) संदेश येतील तसे त्यात दिसतात. ड्राइव्ह लागताच तिथे यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ, त्यानंतर एसडीबी (डिस्क) आणि एसडीबी1 (तिचा पहिला विभाग) अशी नावं दिसायला हवीत. एकही ओळ आली नाही तर माउंटच्या मागे लागू नका, पोर्ट किंवा केबल बदला. पोर्टेबल हार्ड डिस्क टिकटिक करत पुन्हा पुन्हा गायब होत असेल तर बहुतेक वेळा तिला वीज पुरत नाही. यूएसबी 2 चा पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. अशी डिस्क अडॅप्टर असलेल्या हबवर लावा.

एसडीबी हे नाव कायमचं नसतं, उद्या एसडीसी होईल. म्हणून दर वेळी ‘एलएसबीएलके’ चालवून आकार जुळवा. 32 जीबीचा पेनड्राइव्ह तिथे साधारण 29 जी दिसतो. ‘-एफ’ जोडलं की फाइल सिस्टिम (ड्राइव्हवर फाइली साठवायची पद्धत) आणि यूयूआयडी (त्या विभागाचा ओळख-क्रमांक) कळतो. एक्सफॅट या फाइल सिस्टिमसाठी कर्नल 5.7 किंवा पुढचा असला की वेगळं काही लागत नाही. विंडोजच्या एनटीएफएससाठी एनटीएफएस-3जी पॅकेज आधीच टाकून ठेवा.

आता जागा तयार करा, ‘सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/पेन’, आणि मग

‘सुडो माउंट -ओ यूआयडी=1000,जीआयडी=1000,यूटीएफ8 /डेव्ह/एसडीबी1 /एमएनटी/पेन’

फॅट32 साठी यातला एकही पर्याय गाळू नका. फॅटमध्ये फाइलचा मालक नोंदवायची सोयच नाही, त्यामुळे यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) दिला नाही तर सगळं रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीचं दिसतं, आणि नंतर मालक बदलायला ‘सीएचओन’ केलं तरी नकार मिळतो. आपला आकडा ‘आयडी’ या कमांडने तपासा, तो 1000 च असेल असं नाही. यूटीएफ8 राहिलं तर अनेक सिस्टिमवर मराठी नावांच्या फाइलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. फाइल बिघडलेली नसते. अनमाउंट करून या पर्यायासह पुन्हा माउंट करा, नावं परत येतात.

‘व्हीफॅट (लिनक्समधलं फॅटचं नाव) ही फाइल सिस्टिम माहीत नाही’ अशा अर्थाची चूक आली तर आधी आठवा, नुकताच कर्नल अपडेट झालाय का? काही डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या प्रकारांवर), उदाहरणार्थ आर्चवर, चालू कर्नलची मॉड्यूल्स (लागेल तेव्हा जोडले जाणारे भाग) अपडेटमध्ये निघून जातात. रीबूट केलं की काम होतं. एनटीएफएस फक्त वाचण्यापुरती उघडली तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून तिथून पूर्ण शटडाउन करा. जबरदस्तीने माउंट केलंत तर डेटा जाऊ शकतो.

कॉपी संपल्याचं दिसलं तरी डेटा अजून रॅममध्ये असू शकतो. ‘यूमाउंट’ तो लिहून मगच परत येतं, मोठ्या फाइलींना काही मिनिटंही लागतात. प्रॉम्प्ट येईपर्यंत ड्राइव्ह उपसू नका. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर बहुधा आपलंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. ‘सीडी’ करून बाहेर या, तरीही अडलं तर ‘फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/पेन’ने कोण धरून बसलंय ते शोधा.

रोजचाच ड्राइव्ह असेल तर एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) यूयूआयडीने ओळ घाला आणि ‘नोफेल’ लिहायला विसरू नका. नाहीतर ड्राइव्ह न लावता मशीन सुरू केल्यावर सिस्टमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) 90 सेकंद वाट पाहतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो.