ट्रेडमिलवर चालून अन् धावून फिटनेस टेस्ट: 6 ते 8 च्या मधात फसू नका

पोलीस भरती निघाली की तालुक्याच्या जिममध्ये पहाटेपासून पोट्टे ट्रेडमिलसाठी नंबर लावतात अन् प्रत्येकाले एकच सल्ला भेटते, स्पीड वाढवत जा अन् दम कुठं लागते ते पाहा. यानं काही समजत नाही भाऊ. चालणं अन् धावणं दोन्ही वेगवेगळं मोजा लागते, तरच तुलना होते.

बूट, पाणी, वॉर्मअप तुम्हाले माहीत आहे. बीपी, शुगर, छातीचा त्रास असेल तर डॉक्टरले विचारल्याशिवाय चढू नका. दोन्ही टेस्ट पहाटेच घ्या, मे महिन्यात खोली तापली की नाडी उगाच वाढते.

आधी मशीन तपासा. गावाकडं व्होल्टेज पडते, स्क्रीनवर 6 (म्हणजे तासाले 6 किमी, इथं सगळे स्पीड असेच) दिसते अन् पट्टा हळू फिरते. पट्ट्यावर खडूची खूण करा, त्यावर माणूस चालू द्या अन् चक्कर मोजा. पट्टा 2.8 मीटरचा असेल तर 6 च्या स्पीडले 25 चक्कर 42 सेकंदात झाले पाहिजेत.

चालायचे टप्पे 4, 5 अन् 6 च्या स्पीडचे, प्रत्येकी 3 मिनिटं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात नाडी लिहा.

आता खरी अडचण. मलेही हाच टप्पा लय दिवस छळत होता. चालताना एक पाय कायम पट्ट्यावर असते, धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात, म्हणून दोन्हीचा हिशोबच वेगळा. शरीर किती ऑक्सिजन वापरते ते काढायचं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सूत्र लावलं तर सपाट पट्ट्यावर 7 च्या स्पीडले चालण्याचं उत्तर येते वजनाच्या किलोमागं मिनिटाले 15 मिली ऑक्सिजन, अन् धावण्याचं 27! स्पीड तोच, माणूस तोच. चालण्याचं सूत्र साधारण 6 पर्यंत बसते, धावण्याचं 8 पासून पुढं, अन् मधात नवा पोट्टा अर्धा चालते अर्धा पळते, मंग कोणता आकडा धरायचा? एकही नाही. 7 वर घेतलेली नाडी वहीत लिहूच नका.

त्याऐवजी स्पीड 6 वरच ठेवा अन् चढ वाढवा, 5 टक्के, मंग 10. सहाच्या स्पीडले 10 टक्के चढ म्हणजे अंदाजे 31.5 मिली, अन् सपाटवर 8 नं धावणं म्हणजे 30. मेहनत जवळपास सारखी, म्हणून खरी तुलना या दोन टप्प्यांच्या नाड्यांची. धावतानाची नाडी बरीच जास्त आली तर माझं मत पक्कं आहे, त्या पोट्ट्याचा दम ठीक आहे, धावायची सवय कमी आहे, त्याले रोज सावकाश धाववा. काही जण तुलनेसाठी ब्रूस टेस्ट सांगतात, म्हणजे टप्प्याटप्प्यानं स्पीड अन् चढ दोन्ही वाढवायची ट्रेडमिल टेस्ट. ती 1963 पासूनची नामी टेस्ट आहे, पण चौथ्या टप्प्यात स्पीड 6.8 अन् चढ 16 टक्के, तिथं कोणी चालते, कोणी पळते, मंग दोघांची तुलना काहून करता?

अन् हँडल धरू देऊ नका. चढावर लोक हँडलले लटकतात, नाडी कमी दिसते, अन् घरचे म्हणतात पोट्टा लय फिट आहे. तोल जात असेल तर दोन बोटं टेकवा, बस. तरीही लटकत असेल तर स्पीड कमी करून टप्पा नव्यानं घ्या.

धावायचे टप्पे 8, 9, 10, मधात चार-पाच मिनिटं आराम. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच बंद. नाही तर शेवटी पट्टा एकदम थांबवू नका, 3 च्या स्पीडले पाच मिनिटं चालू द्या.