गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी खालच्या नळाला लवकर कसं आणावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे प्लंबिंगच्या कामाला गेलं की तक्रार बहुतेक एकच. सोलर गच्चीवर, स्वयंपाकघर तळमजल्याला मागच्या अंगाला, आणि थंडीत सकाळी गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी मोरीत गेलेलं. त्यावर सल्ले मिळतात: मोठा सोलर घ्या, प्रेशर पंप बसवा. मोठ्या सोलरने काहीही होत नाही. पंपाने पाणी जोरात येतं, पण वाया तेवढंच जातं. टाकीतलं पाणी गरमच आहे, गार झालंय ते मधल्या पाइपात रात्रभर साचलेलं. ते निघाल्याशिवाय गरम येणार नाही. म्हणून पाइपातला साठा कमी करायचा, बस्स.

आधी मोजा. सकाळी पहिल्यांदा गरम नळ सोडताना खाली बादली ठेवा आणि किती लिटर गेलं ते बघा. मग पाइप किती मीटर आणि किती इंची, ते पाहून घ्या. सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) इंची पाइपात मीटरला साधारण ४३० मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत २६०, अर्धा इंचीत १२०. म्हणजे १५ मीटरच्या इंची लाइनीत साडेसहा लिटर पाणी उभं असतं, अर्धा इंचीत दोन लिटरही नाही. पाइप तापायलाही थोडं पाणी लागतं, तेवढं जास्त धरा.

यावरून उपाय ठरतो: लांबच्या सिंकसाठी टाकीपासून स्वतंत्र अर्धा इंची लाइन, फक्त त्या एका नळासाठी, मध्ये कुठेही टी (फाटा) न काढता. तळमजल्याला टाकीची उंची मिळते, त्यामुळे बारीक पाइपातूनही भांड्यांपुरती धार येते. सोलरच्या लगेच खालच्या मजल्याला मात्र अर्धा इंची टाकू नका, तिथे उंचीच नसते. बादली भरायच्या नळालाही नको.

खरी अडचण गच्चीवर येते, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याने खाल्ला. लाइन जोडली, नळ सोडला, थोडं पाणी आलं आणि बंद. लोक सॉल्व्हंट (सांधे चिकटवायचा द्रव) आत गेलं म्हणतात, सांधे कापतात. बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. गरम पाण्यातून हवा सुटते, आणि पाइपाला जिथे उंचवटा असेल तिथे ती जाऊन बसते. इंची पाइपात पाणी तिच्या बाजूने वाट काढतं, अर्धा इंचीत ती बुचासारखी बसते, आणि टाकीच्या उंचीचा जोर तिला ढकलायला पुरत नाही.

म्हणून टाकीच्या आउटलेटपासून खाली उतरेपर्यंत पाइपाला सतत उतार हवा. चालायला अडथळा नको म्हणून पाइप कठड्यावरून वर उचलून नेणारा गवंडी दिसला तर त्याला तिथेच थांबवा आणि कठड्याला खालून भोक पाडायला लावा. ते शक्यच नसेल तर उंचवट्याच्या माथ्यावर उभा व्हेंट पाइप (हवा बाहेर जायची नळी) काढा. त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या पातळीच्या वर आणि कायम उघडं असलं पाहिजे. पाणी सांडतंय म्हणून त्याला टोपी घालणं चूक आहे. सीपीव्हीसी उन्हात झोळ खाते, आणि झोळ आला की दोन्ही बाजूंना उंचवटे तयार होतात, म्हणून दर तीन फुटांवर क्लँप मारा. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतच चालते, आणि उन्हाळ्यात घर बंद असलं तर काचेच्या नळ्यांच्या सोलरमधलं पाणी त्याच्याही वर जाऊ शकतं. म्हणून टाकीजवळचे पहिले काही फूट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) घाला. साधा पीव्हीसी गरम पाण्याला कधीच नको, स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवला तरी.

पाइपावर फोम गुंडाळा आणि उन्हातल्या भागावर वरून टेप मारा. त्याने सकाळचं पहिलं पाणी गरम होणार नाही, पण नाश्त्यानंतर परत नळ सोडलात तर फरक कळेल.

दोन-तीन न्हाणीघरं एकाच लांब लाइनीवर असतील तर परतीची लाइन आणि लहान पंप घ्या. गार पाणी मोरीत न जाता टाकीच्या गार बाजूला परत जातं. परतीच्या लाइनीत एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) हवाच, त्यावरचा बाण टाकीकडे. तो नसेल तर नळ सोडल्यावर टाकीच्या तळातलं गार पाणी उलट्या वाटेने येऊन मिसळतं. पंप बटणावर ठेवा. तो चोवीस तास फिरवाल तर रात्रभरात टाकीतलं पाणी भिंतींना ऊब देत गार होईल.

भाड्याच्या घरात भिंती फोडता येत नसतील तर सिंकजवळ तीन लिटरचा इन्स्टंट गिझर लावा आणि त्याला गार लाइनीचंच पाणी द्या. तीन किलोवॅटचा असेल तर तो तेरा अँपिअरच्या आसपास ओढतो. त्यामुळे सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, मिक्सरच्या सॉकेटवर जोडू नका, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय चालू करू नका.