फेसबुक-इन्स्टावरचे आपले फोटो: आधी उतरवून घ्या, मग काढा

इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे सरकते, आणि संध्याकाळपर्यंत गुलालाने माखलेल्या चेहऱ्यांचे फोटो फेसबुकवर चढलेले असतात. त्यातल्या चार-पाचांवर तुमचं नाव टॅग केलेलं असतं. गणपती, हळदीकुंकू, मुंजी-बारशी यांची भर वर्षभर चालूच. पुढे कधी घरात स्थळं बघायला सुरुवात होते किंवा मुलीच्या शाळेच्या गणवेशातला फोटो अनोळखी माणसाने लाइक केलेला दिसतो, तेव्हा हे सगळं आवरायची आठवण होते.

फोटो 'काढणं' म्हणून लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी करतात, आणि घोळ तिथेच होतो. अर्काइव्ह केलेला फोटो फक्त लपतो. तुम्हाला दिसतो, इतरांना नाही. ट्रॅशमध्ये टाकलेला फोटो ३० दिवस कचरापेटीत पडून राहतो आणि मग जातो. टॅग काढला तर फक्त तुमचं नाव पुसलं जातं, फोटो ज्याच्या भिंतीवर होता तिथेच राहतो. खातं डीॲक्टिव्हेट करणं ही यांपैकी कुठलीच गोष्ट नाही. ती दुकानाची फळी ओढण्यासारखी गोष्ट आहे, माल आत तसाच.

काम शक्यतो कॉम्प्युटरवर करा; मोठ्या पडद्यावर निवड चुकत नाही. ॲपची भाषा हिंदी ठेवली असेल तर तेवढ्यापुरती इंग्रजी करा, म्हणजे खालची नावं जुळतील. ही नावं अपडेटनंतर थोडीफार सरकतात. सापडली नाहीत तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत टाइप करा.

पहिलं काम म्हणजे प्रत उतरवणं. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो जुन्या फोनबरोबर गेलेले असतात आणि फेसबुकवरची प्रतच काय ती उरलेली असते. सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटर उघडा, 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये जा आणि माहिती डाउनलोड किंवा एक्स्पोर्ट करण्याचा पर्याय घ्या. इथे तीन खुंट्या नीट बसवायच्या. मुदत 'ऑल टाइम' करा, कारण आधीच निवडलेली मुदत बऱ्याचदा एका वर्षाचीच असते आणि २०१४ चे फोटो येतच नाहीत. मीडिया क्वालिटी 'हाय' ठेवा. फॉरमॅट 'एचटीएमएल' घ्या. 'जेसन' घेतलंत तर फोटो ठीक येतील, पण फोटोखालचा मराठी मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसेल. फाइल तयार झाल्याचा मेल येतो. ती लगेच उतरवा, दुवा थोडेच दिवस चालतो. झिप उघडून फोटो खरोखर दिसतात का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या प्रती मूळ फोटोइतक्या मोठ्या नसतात, कारण फेसबुक फोटो चढवतानाच दाबून लहान करतं. फोटो कधी काढला ती तारीखही फाइलमधून गेलेली असते. त्यामुळे हे फोटो गुगल फोटोजमध्ये टाकले की दहा वर्षांपूर्वीचं लग्न आजच्या तारखेला दिसतं. फोल्डरना वर्षाची नावं द्या, नाहीतर पुढे काही लागायचं नाही.

सगळं निवडून काढायला चार-आठ दिवस जातात. तोवर दार लोटून घ्यावं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'लिमिट पास्ट पोस्ट्स' आहे. ते दाबलं की आजवर जगाला किंवा मित्रांच्या मित्रांना दिसणाऱ्या सगळ्या जुन्या पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. मात्र हे उलटं एका फटक्यात फिरवता येत नाही, आणि चालू प्रोफाइल फोटो व कव्हर फोटो यांवर त्याचा परिणाम होत नाही.

आता मुख्य साफसफाई. स्वतःच्या प्रोफाइलवर जा, तीन टिंबं, 'ॲक्टिव्हिटी लॉग', त्यात तुमच्या पोस्ट, फोटो आणि व्हिडिओ. फिल्टरमध्ये एकेक वर्ष घ्या, चौकोनांवर टिचक्या मारा आणि 'ट्रॅश' दाबा. 'ऑल'वर टिचकी मारायचा मोह आवरा. एकदम शेकडो निवडले की यादी अडकते किंवा 'समथिंग वेंट राँग' म्हणते, आणि नेमके कुठले गेले ते कळत नाही. पन्नास-पन्नासच्या हप्त्यांनी जा. जे काढावं की ठेवावं कळत नाही ते अर्काइव्हमध्ये टाका. घाई असेल तर ट्रॅश उघडून ३० दिवसांच्या आधीच कायमचं पुसता येतं, पण ती घाई सहसा नडते.

या यादीतून निसटणारे कोपरे आहेत. 'प्रोफाइल पिक्चर्स' आणि 'कव्हर फोटोज' हे अल्बम फेसबुकने स्वतः बनवलेले असल्यामुळे अख्खे काढता येत नाहीत. आत शिरून एकेक फोटो उडवावा लागतो. दुसऱ्यांच्या पोस्टखाली कमेंटमध्ये डकवलेले तुमचे फोटो ॲक्टिव्हिटी लॉगच्या कमेंट्समध्ये सापडतात. ग्रुपचं तर आवर्जून लक्षात ठेवा: गल्लीचा, शाळेच्या बॅचचा, वधू-वरांचा जो ग्रुप सोडायचा असेल त्यातले आपले फोटो आधी काढा आणि मग बाहेर पडा. नुसतं बाहेर पडल्याने तुमच्या पोस्ट तुमच्याबरोबर येत नाहीत.

इन्स्टाग्रामवर 'युअर ॲक्टिव्हिटी'मध्ये पोस्ट्स उघडल्या की बऱ्याच एकदम निवडता येतात. काढलेल्या 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस राहतात. अनेक फोटोंच्या पोस्टमधला एकच नको असेल तर 'एडिट' दाबा, त्या फोटोपर्यंत सरका आणि फोटोवरच्या कचरापेटीच्या खुणेवर टिचकी मारा. हायलाइट काढला तरी त्यातली स्टोरी अर्काइव्हमध्ये शिल्लक असते, तिथूनही काढायची. आणि ज्यांनी इन्स्टाची पोस्ट आपोआप फेसबुकवर जाण्याची सोय करून ठेवली आहे त्यांनी दोन्हीकडे बघावं. इन्स्टावरची काढली म्हणून फेसबुकवरची प्रत जात नाही.

इथपर्यंतचं सगळं आपल्या हातातलं. खरी कसरत दुसऱ्यांच्या खात्यांवर होते.

टॅग केलेला फोटो उघडून 'रिमूव्ह टॅग' केलं की तो तुमच्या प्रोफाइलवरून निघतो. पण मावशीच्या मित्रयादीतल्या सगळ्यांना तो दिसतच राहतो, म्हणून मावशीलाच सांगावं लागतं. नातेवाईक नाही म्हणतात ते बहुतेकदा अख्खी पोस्ट काढावी लागेल या समजुतीने: तिच्यावर शंभर लाइक, पुण्याच्या काकांची कमेंट, ते कोण घालवणार? त्यांना ठाऊक नसतं की फेसबुकवर तो एकच फोटो उघडून, तीन टिंबांतून 'डिलीट फोटो' केला तर बाकीची पोस्ट शाबूत राहते. तेव्हा निरोपातच रीत सांगा आणि पोस्टचा दुवा जोडा: 'मावशी, गणपतीच्या पोस्टमधला तिसरा फोटो तेवढा काढशील का? पोस्ट राहू दे. फोटो उघड, वरची तीन टिंबं, मग डिलीट फोटो.' कारणांचं पुराण लावलंत की चर्चा सुरू होते आणि फोटो राहून जातो. फोनवर जमेना तर रविवारी त्यांच्याकडे चहाला जा आणि तिथे बसूनच करून द्या.

पुढच्या गेरीच्या आधी 'प्रोफाइल अँड टॅगिंग'मध्ये टॅग तपासणीचे दोन्ही पर्याय चालू करून ठेवा. मग तुम्ही हो म्हटल्याशिवाय टॅग केलेली पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर येणार नाही. दुसऱ्याच्या पानावर ती दिसणं त्याने थांबत नाही.

व्हॉट्सॲपचं लवकर आटपतं, कारण तिथे फार काही करता येत नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं, आणि समोरच्याने गॅलरीत उतरवलेला फोटो त्याने जातोच असं नाही. बायोडेटाच्या पीडीएफमध्ये गेलेला फोटो तर परत येतच नाही. म्हणून तिथे घरच्या समारंभातला न टाकता त्याच कामासाठी काढलेला एखादा साधा फोटो द्यावा. डीपी 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरता करा.

फोटोचा गैरवापर झाला असेल, म्हणजे तुमच्या नावाचं खोटं खातं, चेहरा चिकटवून केलेला फोटो किंवा उघडावाघडा फोटो, तर आधी पुरावा जपा: पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख-वेळ. मग 'रिपोर्ट' करा. अशा मजकुरावर तक्रार आल्यापासून ठरावीक मुदतीत पावलं उचलण्याचं बंधन आयटी नियमांनी कंपन्यांवर घातलं आहे. तेवढ्यावर भागलं नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, नाहीतर जवळचं पोलीस ठाणं गाठा. धमकी देऊन पैसे उकळले असतील तर १९३० वर फोन करा. नग्न फोटो पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' या संकेतस्थळावर तुमच्याच फोनमध्ये त्या फोटोचा सांकेतिक ठसा तयार होतो. फोटो कुठे जात नाही, फक्त ठसा जातो, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्यावरून तो ओळखून अडवतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सोय आहे.

ट्रॅशचे ३० दिवस संपले की ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, स्वतःला शोधा. नाव रोमनमध्ये आणि देवनागरीत, दोन्हींत घाला. गावाचं नाव 'इंदूर' असंही आणि हिंदीतलं 'इंदौर' असंही लिहून बघा, कारण निकाल वेगवेगळे येतात. आडनावाचं स्पेलिंग लोक दोन-तीन प्रकारे करत असतील तर तेही. मूळ पानावरून फोटो गेलाय पण गुगलच्या निकालात त्याची चिमुकली प्रत रेंगाळतेय असं दिसलं, तर गुगलच्या 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' या साधनात त्या पानाचा किंवा चित्राचा दुवा द्या. मूळ पानावर फोटो अजून असेल तर ही विनंती फेटाळली जाते. मग पुन्हा त्या पानाच्या मालकाकडे जायचं.