किनाऱ्यावरून ऑर्का बघायला जाताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात सिअ‍ॅटलकडची दोन-तीन कुटुंबं तरी मला विचारतात की बोटीचा खर्च न करता ऑर्का (काळे-पांढरे किलर व्हेल) बघायचे तर कुठे जायचं. त्याचं उत्तर सोपं आहे. सॅन वान बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाइम किल्न पॉइंट स्टेट पार्क आहे, समोर हॅरो सामुद्रधुनी, पलीकडे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट. डिस्कव्हर पास, म्हणजे स्टेट पार्कात गाडी लावायचा पास, काढा, दीपस्तंभाजवळच्या खडकांपर्यंत चालत जा, झालं. पण तिथे पोचल्यावर लोक काय करतात ते बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतक्या लांबून येऊन रिकाम्या हाताने परत जातात आणि म्हणतात इथे काही नसतंच.

दुर्बिणीत डोळे खुपसून बसणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि महागडा कॅमेरा असणारे ही सगळ्यात जास्त करतात.

एका जुलैत माझी मावसबहीण आणि भावजी आले होते. भावजींकडे हातभर लांब लेन्स, जड ट्रायपॉड, सगळा जामानिमा. लांब जहाजांच्या मार्गाजवळ दोन बोटी थांबलेल्या दिसल्या, तर भावजींनी ठरवूनच टाकलं की ऑर्का तिथेच असणार, लेन्स तिकडे रोखली आणि दीड तास तिथून नजर हलवली नाही. मी दोनदा सांगितलं, भावजी, जवळ बघा, केल्पच्या, म्हणजे त्या समुद्री शेवाळाच्या, कडेने बघा. ते म्हणाले, जवळ आले तर दिसतीलच की.

आधी आवाज आला. मोठा, ओला, फुस्स करून सोडलेला श्वास, अगदी खडकाखालून. उजवीकडून बिग्ज प्रकारचे चार ऑर्का किनाऱ्याला घासून येत होते, कारण सील किनाऱ्याच्या कपारींतच असतात आणि हे मुख्यतः सीलच खातात. नराचा पाठीवरचा फिन (पर) जवळजवळ १.८ मीटर उंच असतो, तो केल्पच्या पट्ट्यातून सरळ वर आला. भावजींनी घाईघाईत ट्रायपॉड वळवला तर एक पाय खडकाच्या भेगेत अडकला, आणि इतक्या जवळ त्या लेन्सला फोकसच होईना. तेवढ्यात चौघंही खाली गेले. सहा-सात मिनिटांनी वर आले तेव्हा पार दक्षिणेला पोचले होते. बहिणीने नुसत्या डोळ्यांनी सगळं बघितलं, ती रडत होती. भावजींना लांबून पाठी दिसल्या तेवढ्याच.

माझी सवय सांगते. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजापासून पायापर्यंत, उजवीकडून डावीकडे, सावकाश नजर फिरवायची. सरळ उभी काळी रेघ, फवारा, एकाच जागी अचानक जमलेले पक्षी, असं काही खटकलं तरच दुर्बीण. ७x५० किंवा ८x४२ पुरते, १० पटीच्या पुढची हातात थरथरते. आणि गप्प बसा! कान हे इथे अर्धे डोळे आहेत. आपल्यात गप्पा मारत, मोबाइलवर गाणी लावून बसायचं असेल तर त्याला दुसऱ्या शंभर जागा आहेत.

बातमी आली की गाडी पळवणं

ऑर्का दिसल्याच्या बातम्या देणाऱ्या ग्रुपवर मेसेज पडतो, 'आत्ता काउंटी पार्कसमोर' (याच किनाऱ्यावरचं दुसरं पार्क), की लोक गाडीत उड्या टाकतात. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, एका दिवसात बेटावर तीनदा वरखाली, आणि एकही ऑर्का दिसला नाही, फक्त दर वेळी 'आत्ताच गेले' हे ऐकलं. नंतर शांतपणे हिशोब केला. ऑर्का सहज चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातात. मेसेज अर्ध्या तासापूर्वीचा असेल तर ते तिथून तीन किलोमीटर पुढे गेलेले असतात, आणि तुम्ही मात्र त्यांच्या मागच्या जागी गाडी लावायला जागा शोधताय.

म्हणून मी मेसेजमध्ये जागा नाही, दिशा बघते. ज्या बाजूला चाललेत त्या बाजूच्या पुढच्या जागी जाऊन बसायचं. मध्येच उलटे फिरले तर फिरले, मी उठत नाही. ज्यांना एक तासही एका जागी बसवत नाही त्यांनी उगाच ऑर्काला नावं ठेवू नयेत.

जुन्या माहितीवर भरवसा

जुन्या गाइडमध्ये मे ते सप्टेंबर रोज दिसतात असं लिहिलेलं असतं. ते सदर्न रेसिडेंट ऑर्काबद्दल होतं, म्हणजे जे, के आणि एल या नावांचे पॉड (कळप). त्यांचं मुख्य खाणं चिनूक सामन मासे, आणि कॅनडातल्या फ्रेझर नदीकडे जाणारे चिनूक घटले तसं त्यांचं उन्हाळ्यात इथे येणंही कमी झालं. २००५ मध्ये अमेरिकेत ते धोक्यात आलेले म्हणून जाहीर झाले, आता जेमतेम ७५ च्या आसपास आहेत. सील खाणारे बिग्ज मात्र वर्षभर कधीही येतात. ते शिकार करताना जवळजवळ मुके असतात आणि लांब बुडी मारतात, कधी दहा मिनिटांच्याही पुढे. लोक तीन मिनिटं वाट बघून 'गेले' म्हणत उठतात, तेव्हा मला त्यांचा हात धरून खाली बसवावंसं वाटतं. बुडी मारली की घड्याळ बघा आणि पंधरा मिनिटं हलू नका.

'ते बघ ऑर्काचं पिल्लू!'

नाही. नव्वद टक्के वेळा तो डॉल्स पॉरपॉइज असतो, डॉल्फिनसारखा एक छोटा प्राणी. काळा-पांढरा असतो हे खरं, पण दोनेक मीटरचा, फिन छोटा तिकोनी, आणि पाण्याचा तुरा उडवत झपकन जातो. ऑर्काचं पिल्लू एकटं फिरत नाही, आईच्या कुशीला चिकटलेलं असतं, आणि नवजात असेल तर पांढऱ्याच्या जागी नारिंगी झाक दिसते.

बारीकसारीक चुका भराभर सांगते. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि पाणी नुसतं चमकतं, म्हणून सकाळी या. ऑगस्टमध्येही वारा बोचतो, जॅकेट हवंच. ओल्या शेवाळी खडकावर लहान मुलांना सोडू नका. बेटावर येणाऱ्या अ‍ॅनाकॉर्टिसच्या फेरीबोटीत गाडीचं बुकिंग आधी करा. ड्रोन अजिबात नको, स्टेट पार्कात परवानगीशिवाय चालत नाही. बोटींना तर २०२५ पासून वॉशिंग्टनमध्ये सदर्न रेसिडेंटपासून १००० यार्ड, म्हणजे ९०० मीटरच्या वर लांब राहावं लागतं, कारण इंजिनाच्या आवाजात त्यांना मासा शोधता येत नाही. खडकावर बसलेल्या माणसाचा त्यांना काहीच त्रास नाही, म्हणून मी सगळ्यांना किनाराच सांगते.

आणि दिसले तर नुसता स्टेटस टाकून थांबू नका, ऑर्का दिसल्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑर्का नेटवर्क या संस्थेला कळवा. वेळ, जागा, कुठल्या दिशेने चालले, किती होते, उंच फिनवाला नर होता का, एवढं पुरे. फोटोत फिन आणि त्यामागचा राखाडी पट्टा आला असेल तर फोटो थोडा हललेला असला तरी पाठवा. ज्यांच्या नावावरून बिग्ज ऑर्का म्हणतात त्या कॅनडाच्या संशोधक मायकल बिग यांनी १९७० च्या दशकात याच खुणांवरून एकेक ऑर्का ओळखायला सुरुवात केली, आणि आजही कोण आलं होतं ते त्यावरूनच कळतं.