ब्रिएन्झच्या तळ्याकाठी दोन तास: इझेल्टवाल्ड ते गीसबाख, पानं फुटायच्या आत

स्वित्झर्लंडला एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते, की वरचे सगळे ट्रेल बंद, बर्फ अजून वितळलेला नाही, काही केबल कार मेंटेनन्ससाठी थांबलेल्या, मग आम्ही करायचं काय. तर खाली उतरायचं. तळ्याच्या काठाला वसंत आधी येतो, आणि इंटरलाकेनमध्ये मुक्काम असेल तर त्याच्या पूर्वेला ब्रिएन्झचं तळं आहे, तिथे इझेल्टवाल्ड ते गीसबाख ही काठाकाठाने जाणारी पायवाट आहे, साडेपाच-सहा किलोमीटर, रमतगमत दोन ते अडीच तास. मी ती आई आणि मावशीला घेऊन केलीय (दोघी साठीच्या पुढच्या, आईचा एक गुडघा कुरकुरणारा), त्यामुळे हे सगळं त्या हिशोबानेच लिहितोय. एकटे आणि तरणेताठे असाल तर तुम्हाला यातलं अर्धं लागणारच नाही.

सगळ्यात आधी बोटीचं टाइमटेबल बघा. आधी म्हणजे हॉटेलचा नाश्ता कधी करायचा हे ठरवायच्याही आधी. ही वाट संपते तिथे, म्हणजे गीसबाखच्या धक्क्यावर, बोट पकडून समोर ब्रिएन्झ गावाला जायचं आणि तिथून ट्रेनने परत, हा सगळ्यात मस्त शेवट आहे. पण वसंतात बोटी कमी असतात, उन्हाळ्याचं टाइमटेबल वेगळं, वसंताचं वेगळं, आणि हिवाळ्यानंतर गाडं हळूहळू सुरू होतं. एसबीबीच्या, म्हणजे स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये 'गीसबाख झे' (Giessbach See) टाकून त्या तारखेच्या बोटी दिसतात का बघायचं, सोयीची एक निवडायची आणि तिथून उलटं मोजत यायचं: बोटीच्या वीस मिनिटं आधी धक्क्यावर, त्याआधी अडीच तास चाल, त्याआधी इझेल्टवाल्डमध्ये अर्धा तास, त्याआधी बस. आम्ही हे केलं नव्हतं. चालायला निघालो तेव्हा बोट आहे एवढंच माहीत होतं, मावशी दर वळणावर फोटो काढत होती, आणि आम्ही शेवटच्या उतारावरून खाली येत असताना बोट धक्क्यावरून सुटताना दिसली. हात केला तर डेकवरच्या एका आजोबांनी पण हात केला, टाटा म्हणून. पुढची बोट यायला बराच वेळ होता, उरलेली सँडविचेस तिथेच संपली.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनच्या बाहेरून १०३ नंबरची बस इझेल्टवाल्डला जाते, वीसेक मिनिटं लागतात. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बस, बोट, ट्रेन सगळं त्यातच येतं, हाफ फेअर कार्ड असेल तर अर्धं तिकीट. गाडी घेऊन जाऊ नका. गाव एवढंसं आहे, पार्किंग त्याहून एवढंसं, आणि शिवाय गाडी घ्यायला परत त्याच टोकाला यावं लागतं म्हणजे बोटीची मजा गेली.

इझेल्टवाल्डला उतरलात की एका छोट्या लाकडी धक्क्यासमोर रांग दिसेल. एका कोरियन सिरीयलमध्ये तो धक्का आला आणि तेव्हापासून तिथे फोटोसाठी गर्दी होते, २०२३ पासून गावाने गेट बसवून ५ फ्रँक लावले. ज्यांना तो सीन माहितीय त्यांनी खुशाल द्यावेत, बाकीच्यांनी पुढे चला, कारण तेच पाणी आणि तेच डोंगर पुढचे दोन तास फुकट आहेत. गावातला पाण्याचा हौद मात्र चुकवू नका. बाटली तिथेच भरायची. स्वित्झर्लंडमध्ये गावातल्या हौदाचं पाणी पितात, 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तरच ते प्यायचं नाही. वाटेत दुकान वगैरे काही नाही, खायचं सोबत ठेवा, आणि रविवार असेल तर खरेदी शनिवारीच उरकून घ्या.

आता वाट. पिवळ्या पाट्या शोधायच्या, त्यावर 'गीसबाख' आणि पुढे वेळ लिहिलेली असते. ही वेळ नीट समजून घ्या कारण इथेच आपली माणसं फसतात. पाटीवरचं गणित ताशी साधारण ४.२ किलोमीटर या वेगाचं असतं, न थांबता. फोटो, शू, बिस्किटं, 'जरा बसूया', हे काही त्यात धरलेलं नाही. मी पाटीवरच्या वेळेच्या दीडपट धरतो, आई बरोबर असेल तर त्याहून थोडी जास्तच. पिवळी पाटी म्हणजे साधी चालायची वाट. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर ती डोंगरातली अवघड वाट, तिकडे वळू नका. या काठावर तुम्हाला पिवळ्याच पाट्या धरून जायचंय.

ही वाट तळ्याच्या दक्षिण काठाने जाते, म्हणजे डोंगराचा उतार उत्तरेकडे तोंड करून. सूर्य डोंगराच्या मागे, म्हणून सकाळी इथे चांगलीच सावली आणि गारवा असतो. समोरच्या ब्रिएन्झमध्ये लोक उन्हात बसलेले दिसतात आणि आपण इकडे जॅकेटची चेन वर ओढतोय. वर झाडी बहुतेक बीच नावाच्या झाडांची. आणि इथेच मला जे सांगायचंय ते आहे: ही वाट मी वसंतातच करा म्हणतो ते फुलांसाठी नाही. फुलं आहेत, वाळक्या पानांच्या थरातून छोटी निळी आणि पिवळट फुलं वर आलेली असतात, छान दिसतात. पण खरी गोष्ट म्हणजे एप्रिलमध्ये झाडांना पानं नसतात किंवा नुकती फुटत असतात, त्यामुळे अख्खी वाटभर खोडांच्या मधून तळं दिसत राहतं. एकदा पानं भरली की हिरवा पडदा पडतो आणि मग तळं अधूनमधून खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं. उलट फार लवकर गेलात तर वाटेच्या शेवटी असलेल्या गीसबाखच्या धबधब्याला पाणी कमी, कारण वरचा बर्फ वितळायला लागलेला नसतो. म्हणून माझं मत विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला आठवडा, दोन्ही थोडं थोडं मिळतं.

पाण्याच्या रंगाचं पण असंच आहे. फोटोत दिसतो तो दुधाळ फिरोजी रंग हिमनद्यांच्या भुकटीचा. हिमनदी खालचा खडक दळते, ते पीठ इतकं बारीक असतं की पाण्यात लटकून राहतं, लवकर खाली बसत नाही, आणि त्यावरून निळा-हिरवा प्रकाश फाकतो. ग्रिमझेलकडून येणारी आरे आणि ग्रिंडेलवाल्ड-लाउटरब्रुनेनकडून येणारी ल्युट्शिने अशा दोन नद्या हे पीठ आणून टाकतात. वर बर्फ वितळायला लागला की पीठ वाढतं, म्हणून भर उन्हाळ्यात रंग जास्त दुधाळ. लवकरच्या वसंतात पाणी जास्त स्वच्छ आणि गडद असतं. काठाशी वाकून बघा, तळाचे दगड एकेक मोजता येतात, आणि दोन पावलं पुढे एकदम काळंनिळं होतं. तळं २६० मीटर खोल आहे, आणि डोंगर जसा वर चढतो तसाच पाण्याखाली उतरतो. हात घालून बघा हवं तर, मी दहा आकडे मोजायचे ठरवले होते, सहालाच हात बाहेर काढला. पोहायचा विचार या दिवसांत मनातही आणू नका.

बूट. तळाला नक्षी असलेले कुठलेही चालतील, ट्रेकिंगचेच पाहिजेत असं नाही, पण गुळगुळीत तळाचे पांढरे स्नीकर्स नकोत. वाट बरीचशी सपाट आहे, मधूनच थोडी वरखाली होते, आणि धोका चढाचा नाही, ओल्या मुळांचा आहे. बीचची मुळं वाटेवर आडवी पडलेली असतात, त्यावर गेल्या वर्षीच्या पानांचा ओला थर, खाली काय आहे ते दिसतच नाही. पाय मुळावर ठेवायचा नाही, दोन मुळांच्या मध्ये ठेवायचा. आईला मी एक फोल्डिंगची काठी दिली होती, आधी 'मी काय म्हातारी आहे का' झालं आणि पंधरा मिनिटांनी काठी परत मागितली तर देईना.

एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे गोचीड. मार्चपासूनच त्या जाग्या होतात, गवतात आणि झुडपात बसलेल्या असतात, आणि हा बर्नचा भाग मेंदूज्वर पसरवणाऱ्या गोचिडींच्या क्षेत्रात येतो. घाबरायचं काही नाही, फुल पँट घाला, मोज्यात खोचा, वाट सोडून गवतात लोळू नका आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघा. दुसरं, जंगलात सगळीकडे लसणासारखा वास येईल, तो रानलसणाच्या पानांचा, इथले लोक ती तोडून खातात. तुम्ही तोडू नका. तशीच दिसणारी दोन विषारी झाडं त्याच सुमाराला उगवतात आणि एकदा लसणाचा वास हाताला लागला की मग सगळ्याच पानांना तो येतो.

हवा. पाऊस असेल तर सरळ दुसरा दिवस बघा. पण कधीकधी अचानक उबदार, डोंगर हाताला लागतील इतके स्पष्ट, असा दिवस येतो, तो फ्योनचा वारा असू शकतो, दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा कोरडा गरम वारा, आणि तो तळ्यावर चांगलाच माजतो. काठांवर केशरी दिवे लावलेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकत असतील तर सावध राहा, ९० वेळा म्हणजे वादळ. हे दिवे मुळात पाण्यातल्यांसाठी, पण चालणाऱ्याने पण बघावं, कारण अशा वेळी बोटीचा भरवसा नाही आणि झाडांखालून चालणं पण बरं नव्हे. काही झालंच तर मदतीसाठी ११२ ला फोन.

समोरून कुणी आलं तर 'ग्रुएसेख' म्हणा, बर्नकडचा नमस्कार. झुरिकमध्ये शिकलेलं 'ग्रुएत्सी' इथे म्हटलं तरी कुणी रागवत नाही, पण 'ग्रुएसेख' म्हटल्यावर चेहरा जरा जास्त खुलतो. समोरच्या काठावर वर बर्फाचा जो लांब कणा दिसतो तो ब्रिएन्झर रोटहॉर्न, २३५० मीटर. त्याची १८९२ ची वाफेची गाडी या दिवसांत बंद असते, ती नंतर सुरू होते, तेव्हा तिचं तिकीट शोधत बसू नका.

शेवटी धबधब्याचा आवाज आधी येतो, मग धक्का. वर गीसबाखचं जुनं हॉटेल आहे, १८७५ चं, आणि धक्क्यापासून तिथे जायला १८७९ ची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे. दोन डबे मधोमध एकमेकांना वळसा देऊन जातात ते बघायला पोरंच काय मावशीसुद्धा खिडकीला चिकटली होती. हॉटेल आणि फ्युनिक्युलर दोन्ही सीझनपुरतीच सुरू असतात, तेव्हा त्याच्याही तारखा आधी बघून ठेवा. गुडघे ठीक असतील तर चढून जा, चढ आहे पण छोटा. धबधबा १४ टप्प्यांत उतरतो, एका ठिकाणी पायवाट चक्क पाण्याच्या मागून जाते. तिथे कॅमेरा पिशवीत आणि रेनकोटची टोपी डोक्यावर, आणि फरशी शेवाळलेली असते म्हणून कठडा सोडायचा नाही. याला अर्धा तास वेगळा धरा, नाहीतर आमच्यासारखा टाटा मिळेल.

बोट चुकलीच तर पायी ब्रिएन्झला जाता येतं, अजून दीड तास तरी. नाहीतर बोटीने दहाएक मिनिटांत पलीकडे. ब्रिएन्झला धक्का आणि स्टेशन अगदी शेजारी आहेत, इंटरलाकेनची ट्रेन पकडा आणि डावीकडच्या खिडकीशी बसा, मघाशी चाललात तो काठ तिकडच्या बाजूला दिसतो.