घरच्या धंद्यासाठी व्हर्च्युअल डेस्कटॉप: लायसन्सवर पैसे कसे वाचवायचे

आमचं दुकान शाहूपुरीत. २०१९ च्या पुरानंतर टॅली आणि सगळ्या फायली वरच्या मजल्यावर एकाच मशीनवर ठेवल्या, काका काउंटरवरून, वहिनी घरून आणि मी कुठूनही त्यातच शिरतो, म्हणजे काम त्या मशीनवर चालतं आणि आपल्यासमोर फक्त त्याचा पडदा दिसतो, हाच व्हर्च्युअल डेस्कटॉप. मशीन स्वस्तात मिळालं, डोकं खाल्लं ते लायसन्सनं.

पहिलं काम, कागद घ्या आणि एकाच वेळी किती जण बसणार ते लिहा. एका वेळी एकच असेल तर विंडोज प्रोचा पीसी बास, विंडोज होमला बाहेरून जोडता येत नाही. ज्याचा पीसी तो कुठल्याही डिव्हाइसवरून जोडू शकतो, घरच्या दुसऱ्या कुणी जोडायचं तर त्याच्याही लॅपटॉपवर प्रो पाहिजे. यूट्यूबवर एका प्रोवर चौघं बसवायचा पॅच दाखवतात, ते नियमात बसत नाही आणि अपडेट आलं की बंदच पडतं, त्या नादाला लागू नका.

तिघं-चौघं एकदम असतील तर विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, आणि इथंच फसगत होते. कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या मागा: सर्व्हर (प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, कमीत कमी १६ कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं), साधे कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं लायसन्स), आणि वर आरडीएस कॅल (सर्व्हरचा डेस्कटॉप लांबून वापरायचं जादा लायसन्स). आरडीएस कॅल नसले तरी १२० दिवस सगळं मस्त चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, मग एके दिवशी कनेक्शनच मिळत नाही. फुकटची दोन कनेक्शनं असतात ती सर्व्हरच्या देखभालीसाठी, बिलं काढायला नाहीत.

आता कॅल माणसावर घ्यायचे का मशीनवर? काउंटरवर पाळीनं माणसं बदलत असतील तर डिव्हाइस, एकच माणूस लॅपटॉप-मोबाइल दोन्ही वापरत असेल तर युजर. पण डोमेन (सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळणारी सर्व्हरवरची व्यवस्था) नसेल तर आरडीएसचे युजर कॅल घेऊ नका, २०१९ पासूनच्या सर्व्हरवर दर तासाला बाहेर काढतंय.

एक्सेल लागतंच? मायक्रोसॉफ्ट ३६५ चं बिझनेस स्टँडर्ड अशा शेअर्ड सर्व्हरवर चालत नाही, प्रीमियम लागतं. त्यात अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डेस्कटॉपचा हक्कही येतो, पण क्लाउडच्या मशीनचं भाडं वेगळं, रात्री बंद ठेवा. टॅली सिल्व्हर एकट्याची, चौघांना गोल्ड.

ज्याचं काम फक्त ब्राउझरमधलं, जीएसटी पोर्टल, मेल वगैरे, त्याला लिनक्सवर एक्सआरडीपी (लिनक्सचा डेस्कटॉप लांबून वापरू देणारं फुकटचं सॉफ्टवेअर) द्या, तिथं कॅलची भानगडच नाही. आमच्यात असा एक निघाला, तेवढे कॅल वाचले.

आणि बिल फर्मच्या नावावर, जीएसटी नंबर घालूनच घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं.