तलावातला मासा का वाढत नाही? या चुका टाळा

दिवाळीनंतर जाळं ओढलं की आमच्याकडच्या बहुतेक तलावांवर एकच तक्रार ऐकू येते: बीज (म्हणजे वाढवायला सोडायची माशांची पिल्लं) तर भरपूर सोडलं, मग मासा पावशेराच्या वर का जाईना? त्यावरचा उपायही ठरलेला, पुढच्या वर्षी दुप्पट बीज. बालाघाटाच्या डोंगरातल्या पाझर तलावांवर ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की सुरुवात तिथूनच करतो.

मासा बारीक राहतो तेव्हा बहुतेकदा बीज कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं. जाळ्यातला रोहू हातात घेऊन बघा. डोकं मोठं आणि पाठ धारेसारखी पातळ असेल तर तो उपाशी आहे. कटल्यावरून हा अंदाज बांधू नका, त्याचं डोकं मुळातच मोठं. चुकतो तो पाण्याचा हिशेब. सप्टेंबरात सांडव्याला टेकलेला तलाव डोळ्यांपुढे ठेवून आपण बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मागवतो, आणि मासा अंग धरतो त्या दिवसांत पाणी निम्म्यावर आलेलं असतं. मागच्या तीन-चार वर्षांत संक्रांतीला पाणी कुठवर होतं ते आठवा आणि तेवढ्यापुरतंच बीज घ्या. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकच जात ओतली तर बाकीचे थर वाया जातात.

जाळ्यात सगळा हाताएवढाच, काटेरी पाठीचा मासा येत असेल तर प्रश्न वेगळा आहे. ती चिलापी, म्हणजे तिलापिया. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, काही महिन्यांतच वयात येते आणि वर्षातून अनेकदा वीण देते. तिच्यावर बीज सोडणं म्हणजे तिच्या पंगतीला आणखी पानं मांडणं. चिलापी बारमाही पकडत राहा. मे महिन्यात तलाव डबक्यांवर आला की उरलेली काढून टाकायला याहून चांगली वेळ नाही.

आता बीज सोडताना होणाऱ्या चुका. सांडवा वाहत असताना सोडलेलं बीज पाण्याबरोबर ओढ्याला लागतं. सांडवा थांबू द्या किंवा आधी जाळी बसवा. स्वस्त पडतं म्हणून मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, थेट तलावात टाकू नका, ते इतर माशांच्या पोटात जातात. आठ महिन्यांत आटणाऱ्या पाझर तलावाला तीन-चार इंची बोटुकलीच हवी.

एका वर्षी बीजाची गाडी भर दुपारी आली. उशीर नको म्हणून आम्ही पिशव्या फोडून सगळं एकदम पाण्यात ओतलं. संध्याकाळी काठाला पांढरी पट्टी दिसली, मेलेल्या बोटुकलीची. ते दृश्य मी विसरलेलो नाही. पिशवीतलं आणि तलावातलं पाणी सारखं व्हावं म्हणून बंद पिशव्या आधी पंधरा-वीस मिनिटं तलावात तरंगत ठेवायच्या, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि बीज आपल्या आपण बाहेर पडू द्यायचं. तेही सकाळी किंवा सांजेला.

मासे मेले की गावात पहिला संशय येतो तो कुणीतरी विष टाकल्याचा. भांडण्याआधी काठावर नीट बघा. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेत असतील, मोठे आधी मेले असतील आणि लहान जगले असतील, तर पाण्यातला प्राणवायू संपला आहे. ढगाळ दिवस, हिरवंगार पाणी किंवा उन्हाळ्यातलं आटलेलं, तापलेलं पाणी असलं की हे होतं. शेण, खाद्य टाकणं ताबडतोब थांबवा आणि मोटर लावून तलावाचंच पाणी उंचावरून परत तलावात पडू द्या. चुना आणायला धावू नका. आपल्या काळ्या मातीतलं पाणी बहुधा आधीच अल्कधर्मी असतं, चुन्याने ते आणखी चढतं आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. आधी तपासणी, मग चुना.

लहान-मोठे सगळे एकदम मेले, सोबत बेडूक, खेकडे आणि पाणकिडेही गेले, तर मात्र औषधाचा संशय घ्यावा. कपाशी-सोयाबीनवर मारली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशाला अगदी थोड्या मात्रेतही मारतात. फवारणीचा पंप तलावावर धुणं बंद व्हायलाच हवं, आणि गाळपेर करणाऱ्यांनीही (पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणाऱ्यांनी) तलावाच्या पोटात फवारणी टाळावी. मुद्दाम विष किंवा सुरुंग वापरून मासे मारायला तर 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे.

गाभोळीने भरलेले रोहू-कटले ‘वीण होईल’ म्हणून राखून ठेवणारेही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण या जातींना वाहतं, चढतं पुराचं पाणी लागतं. साचलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून तर दरवर्षी बीज सोडावं लागतं. वाढलेला मासा उन्हाळ्याआधी काढा.

मरळीचं उलट आहे. ती इथलीच, आणि तलावातच वीण देते. पावसाळ्यात काठच्या गवताजवळ नारिंगी-तांबड्या पिल्लांचा पुंजका पाण्यावर वळवळताना दिसतो. त्याच्या खालीच आई-बाप राखणीला असतात. हे ठाऊक असलेले लोक नेमका तिथेच गळ टाकतात, कारण चिडलेली मरळ लगेच झडप घालते. एक मरळ हाताला लागते आणि मागे उरलेला सबंध पुंजका दुसऱ्या माशांचं खाद्य होतो. आमच्या तलावावर आता पुंजका दिसला की तिथे काठी रोवून वर फडकं बांधतात. पिल्लं काळपट होऊन पांगेपर्यंत त्या बाजूला ना गळ, ना बारीक आसाचं जाळं. आणि उन्हाळ्यात भिंतीजवळचा सगळ्यात खोल डोह, त्यातली चिलापी वेचून झाली की, मरळीसाठी तसाच सोडतात.